यशवंतराव आणि उसनी हत्यारे

सातारा-सांगलीकडच्या कोणत्याही वक्तृत्व स्पर्धेला गेलात, तर दहांतली चार भाषणे यशवंतराव चव्हाणांवर असतात. देवराष्ट्रे, विठाईमाउली, पंचायत राज्य, सहकार, महाराष्ट्राचा मंगल कलश, आणि शेवटी हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, की टाळ्या. असली भाषणे मीही केली आहेत. त्यांत खोटे काही नसते. परंतु धावून गेलेला सह्याद्री दिल्लीत जाऊन नेमके काय करीत होता, हे त्या भाषणांत कधी येत नाही.

बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला राज्यशास्त्र घेतल्यावर आंतरराष्ट्रीय संबंधांच्या तासाला शस्त्रव्यापाराचा विषय निघाला. एका देशाने दुसऱ्याला हत्यारे विकावीत, त्या हत्यारांनी तिसऱ्याच माणसाचा जीव जावा आणि विकणाऱ्याने हात झटकून मोकळे व्हावे, याला जगात काही कायदा असावा की नाही, असा तो प्रश्न. उदाहरणे सगळी लांबलांबच्या देशांची होती. मला मात्र एकसारखे वाटत राहिले की, या प्रश्नाने ज्याला जन्मभर निरनिराळ्या वेषांत गाठले, असा माणूस आमच्याच पंचक्रोशीत जन्मला होता. माझे गाव सांगली जिल्ह्यात, देवराष्ट्र्यापासून फार दूर नाही, आणि कॉलेज सातारा जिल्ह्यात. आमच्या घरात पदवीच्या वर्गात बसणारी मी पहिलीच. तेव्हा ग्रंथालयातून आणलेली चरित्रे घरी रात्री मोठ्याने वाचावी लागतात. त्यातून हा लेख झाला. यशवंतरावांचे संपूर्ण चरित्र येथे मिळणार नाही. त्यांच्या आयुष्यातून हत्यारांचा जो एक धागा गेला आहे, तेवढाच मी सोडवून पाहिला आहे.

यशवंतरावांचा जन्म १२ मार्च १९१३ रोजी देवराष्ट्रे येथे, आजोळी झाला. त्या वेळी हा सारा मुलूख सातारा जिल्ह्यातच होता. १९४९ साली दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. वडील बळवंतराव कोर्टात बेलिफ होते. ते यशवंतराव अगदी लहान असतानाच वारले. आईला अक्षरओळख नव्हती, पण तिने मुलांना शिकवले. कराडच्या टिळक हायस्कुलात शिक्षकांनी प्रत्येकाला पुढे कोण होणार असे विचारले, तेव्हा इतर मुलांनी थोर माणसांची नावे लिहिली आणि याने स्वतःचेच नाव लिहिले, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. १९३२ च्या २६ जानेवारीला स्वातंत्र्यदिन पाळून झेंडा लावल्याबद्दल त्यांना अठरा महिन्यांची सजा झाली. वय एकोणीसही पुरे नव्हते. आज माझे वय तेवढेच आहे, आणि आम्हाला गॅदरिंगची परवानगी मिळवतानाही घाम फुटतो. असो.

तुरुंगातल्या वाचनाने आणि चर्चांनी त्यांच्यावर मानवेंद्रनाथ रॉय यांच्या विचारांचा पगडा बसला. हे रॉय म्हणजे मूळचे बंगालमधील क्रांतिकारक. पहिल्या महायुद्धात १९१५ साली जर्मनीकडून बंदुका मिळवण्यासाठी ते देशाबाहेर पडले, आणि त्या बंदुकांच्या शोधात बटाव्हियापासून अमेरिकेपर्यंत पोचले. बंदुका काही आल्या नाहीत; माणूस मात्र बदलून गेला. जर्मनीला इंग्रजांची खोड मोडावयाची होती, हिंदुस्थानच्या स्वातंत्र्याशी तिला काय देणेघेणे? दुसऱ्याने दिलेल्या हत्यारामागे देणाऱ्याचा स्वतःचा हिशेब असतो, हा धडा इथेच आहे. यशवंतराव रॉय यांच्या गटात काही वर्षे राहिले. पण दुसरे महायुद्ध सुरू झाल्यावर रॉय यांनी इंग्रजांच्या युद्धप्रयत्नाला पाठिंबा दिला आणि तेथे यशवंतरावांनी त्यांची वाट सोडली. दरम्यान कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजातून १९३८ साली ते बी. ए. झाले, पुढे पुण्याहून वकिलीची परीक्षा दिली आणि २ जून १९४२ रोजी फलटणच्या वेणूताईंशी त्यांचे लग्न झाले. ही तारीख लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण त्यानंतर जेमतेम दोन महिन्यांनी बेचाळीसची चळवळ आली.

बेचाळीसच्या चळवळीबद्दल आमच्याकडे घरोघर काही ना काही सांगतात. कराड, तासगाव, वडूज, इस्लामपूर अशा तालुक्याच्या कचेऱ्यांवर लोकांचे मोर्चे जावेत अशी योजना होती आणि भूमिगत राहून तिची आखणी करणाऱ्यांत यशवंतराव होते. तासगावचा मोर्चा निर्विघ्न पार पडला. ९ सप्टेंबरला वडूजला मात्र गोळीबार झाला. परशुराम घार्गे यांच्यासह नऊ जण पडले. दुसऱ्या दिवशी इस्लामपूरलाही गोळी चालली. या मोर्च्यांतल्या लोकांपाशी बंदुका नव्हत्या. १८७८ च्या हत्यारांच्या कायद्याने सामान्य हिंदी माणसाच्या हातात परवान्याशिवाय बंदूक येणार नाही याची व्यवस्था सरकारने केव्हाच करून ठेवली होती. गंमत अशी की, ज्या सरकारला आमच्या हातात बंदूक नको होती, त्यालाच लढाईच्या वेळी आमचे हात हवे असत. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावातून पहिल्या महायुद्धात गेलेले ४६ जवान परत आले नाहीत. परक्या राजाची बंदूक खांद्यावर घेऊन परक्या देशात मरावयास परवाना लागत नव्हता.

वडूजनंतर चळवळीचे वळण बदलले. क्रांतिसिंह नाना पाटलांचे प्रतिसरकार उभे राहिले, रेल्वे अडवल्या गेल्या, खजिने लुटले गेले, गावोगाव न्यायदान सुरू झाले. यशवंतराव भूमिगत होतेच. त्यांच्यासाठी घरच्या माणसांना काय सोसावे लागले, हे वाचताना मन विषण्ण होते. लग्नानंतरच्या पहिल्याच संक्रांतीला वेणूताईंना अटक झाली. त्या सुटल्या त्या आजारी होऊनच. त्यांना भेटण्यासाठी यशवंतराव १९४३ मध्ये फलटणला आले आणि तेथेच पकडले गेले.

पुढे १९४६ साली मुंबई विधानसभेवर निवडून आल्यानंतर ते पार्लमेंटरी सेक्रेटरी झाले, तेही गृहखात्याचे. ज्या खात्याचे पोलीस त्यांच्या मागावर होते, त्याच खात्याच्या फायली आता त्यांच्या टेबलावर आल्या. माणसाच्या स्वभावाची परीक्षा अशाच वेळी होते, असे मला वाटते. त्या परीक्षेचा एक पेपर आपल्या साताऱ्यातच झाला. ३० नोव्हेंबर १९५७ रोजी पंडित नेहरू प्रतापगडावर शिवछत्रपतींच्या पुतळ्याच्या अनावरणासाठी आले. यशवंतराव तेव्हा द्वैभाषिक मुंबई राज्याचे मुख्यमंत्री होते. संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीसाठी पसरणीच्या घाटात आणि पोलादपूरच्या बाजूला काळी निशाणे घेऊन हजारोंचा समुदाय उभा होता. त्याआधी मुंबईत याच मागणीसाठी गोळीबारात शंभरावर माणसे मेली होती. प्रतापगडच्या वाटेवर गोळी चालली नाही. निदर्शने झाली, समारंभ झाला, लोक घरी गेले. यशवंतरावांच्या त्या काळातल्या राजकारणाबद्दल मतभेद आहेत आणि ते असावेत; पण हाती बंदूक असून ती न चालवणे ही राज्यकर्त्याची मोठी गोष्ट आहे, हे त्यांच्या टीकाकारांनीही मान्य करावे. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला. पुढच्याच वर्षी, २३ जून १९६१ रोजी, साताऱ्यात देशातली पहिली सैनिकी शाळा सुरू झाली. या सर्व गोष्टी आपण शाळेपासून वाचत आलो आहोत, म्हणून येथे थांबत नाही.

आता दिल्ली. २० ऑक्टोबर १९६२ रोजी चीनने हल्ला केला. कृष्ण मेनन यांना जावे लागले आणि नेहरूंनी यशवंतरावांना बोलावले. २१ नोव्हेंबरला त्यांनी संरक्षणमंत्रिपदाची शपथ घेतली आणि त्याच दिवशी चीनने एकतर्फी शस्त्रसंधी जाहीर केली. म्हणजे लढावयास गेलेल्या माणसाच्या वाट्याला पराभवानंतरची आवराआवर आली. जवानांच्या हातात थ्री नॉट थ्री या जुन्या बनावटीच्या बंदुका होत्या. माझे आजोबा त्यानंतर काही वर्षांनी मराठा पलटणीत भरती झाले. बेळगावला त्यांना आधी त्या जुन्या बंदुकीवर शिकवले आणि मग इशापूरच्या कारखान्यात बनलेली नवी स्वयंभरणाची रायफल हातात दिली. नवी हातात आल्यावर काय वाटले, असे मी विचारले, तर ते म्हणाले की, आपल्याकडची आहे एवढेच बरे वाटले. आजोबा चौथीपर्यंत शिकलेले. पण संरक्षणमंत्र्यापुढचा सारा प्रश्न या उत्तरात आहे, असे मला नंतर कळले.

कारण युद्धाच्या धामधुमीत अमेरिकेने आणि ब्रिटनने विमाने भरभरून हत्यारे पाठवली होती, ती काही निरपेक्षपणे नव्हेत. यशवंतरावांनी शपथ घेतली, त्याच्या दुसऱ्याच दिवशी अमेरिकेचे हॅरिमन व ब्रिटनचे सँडिस दिल्लीत हजर झाले. डिसेंबरमध्ये दोन्ही बाजूंनी मिळून बारा कोटी डॉलरच्या लष्करी मदतीचे ठरले. पण त्याबरोबर काश्मीरबाबत पाकिस्तानशी बोलणी करा, असे दडपण आले. स्वर्णसिंग आणि भुत्तो यांच्या सहा फेऱ्या झाल्या, निष्पन्न काही झाले नाही. मिळालेली हत्यारे चीनविरुद्धच वापरावयाची, अशी अट भारतानेही लिहून दिली होती. हे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे, कारण पुढे आपण दुसऱ्याच्या अटीची आठवण करून देणार आहोत.

मे १९६४ मध्ये यशवंतराव अमेरिकेला गेले. आमच्या गावाकडे पाहुण्याकडे बैल मागावयास जाणारा माणूस जसा आधी इकडचे-तिकडचे बोलतो, तशी काहीशी ही बोलणी असावीत, असे वाचताना वाटते. भारताला स्टारफायटर जातीची लढाऊ विमाने हवी होती. पाकिस्तानला ती आधीच दिलेली होती. भारताला नकार मिळाला. दौरा चालू असतानाच २७ मे रोजी नेहरू गेले आणि यशवंतरावांना परतावे लागले. त्याच वर्षी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये ते मॉस्कोला गेले. मिग विमाने नुसती विकत न घेता येथेच बनवावयाची, या योजनेला तेथे पक्के रूप आले. त्यातला एक कारखाना नाशिकजवळ ओझरला झाला. यशवंतराव नाशिकचेच खासदार होते, म्हणून तो तिकडे गेला असेही म्हणतात. ते काहीही असो. दुकानदार बदलला, एवढेच यातून म्हणता येईल. पण दुकानदाराकडून वस्तूबरोबर ती घडवण्याचे कसबही घेणे, हा भाग नवा होता.

येथे थोडे मागे जाणे आवश्यक आहे. १९५४ साली अमेरिकेने पाकिस्तानशी लष्करी मदतीचा करार केला. भारतात साहजिकच संताप उसळला. तेव्हा अध्यक्ष आयसेनहॉवर यांनी नेहरूंना पत्र लिहून आश्वासन दिले की, ही मदत कम्युनिस्ट राष्ट्रांच्या आक्रमणापासून बचावासाठी आहे, आणि तिचा उपयोग दुसऱ्यावर आक्रमण करण्यासाठी झालाच, तर ते थोपवण्यासाठी आपण योग्य ती पावले उचलू. म्हणजे हत्यारांबरोबर एक वचनही निघाले. हत्यारे कराचीला उतरली आणि वचन दिल्लीला आले. अकरा वर्षे ते दिल्लीच्या दप्तरात पडून होते. त्या अकरा वर्षांत पाकिस्तानला शेकडो पॅटन रणगाडे आणि सेबर विमाने मिळाली.

एप्रिल १९६५ मध्ये कच्छच्या रणात हे रणगाडे दिसले. भारताने अमेरिकेकडे तक्रार केली. रणगाडे कोणाचे आहेत हे सगळ्यांना ठाऊक होते, पण त्यावर थोपवणारे पाऊल काही पडले नाही. १ सप्टेंबरला छांब भागात पॅटनची मोठी फळी घुसली. त्या दुपारी विमानदल वापरण्याची परवानगी मागितली गेली, आणि ती यशवंतरावांनी स्वतःच्या जबाबदारीवर लगेच दिली. तीन वर्षांपूर्वीच्या युद्धात लढाऊ विमाने वापरलीच नव्हती, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या होकाराचे वजन कळते. ६ सप्टेंबरला भारतीय फौजा लाहोरच्या दिशेने निघाल्या. ८ ते १० सप्टेंबर या दिवसांत खेमकरणजवळ असल उत्तर येथे ऊस-कापसाच्या शेतांत पाणी सोडून पॅटन रुतवले गेले. हवालदार अब्दुल हमीद यांनी जीपवरच्या तोफेने रणगाडे फोडले आणि तेथेच त्यांना वीरमरण आले. युद्धानंतर भिखीविंडला पकडलेल्या व मोडलेल्या पॅटनची एवढी रांग लागली की, लोक त्या जागेला पॅटननगर म्हणू लागले. आक्रमणासाठी वापरली जाणार नाहीत म्हणून अमेरिकेने हमी दिलेली ती हत्यारे पंजाबच्या शेतात ओळीने उभी होती. वचनाचा इतका ढळढळीत पंचनामा जगात दुसरीकडे क्वचितच झाला असेल.

मग अमेरिकेने काय केले? ८ सप्टेंबरला भारत आणि पाकिस्तान या दोघांचीही लष्करी मदत थांबवली. ब्रिटननेही पुरवठा बंद केला. वरवर पाहता ही समदृष्टी झाली. दिल्लीला मात्र त्यात अन्याय दिसला. ज्याने वचन मोडले त्याला आणि ज्याला वचन दिले होते त्याला, दोघांनाही एकच शिक्षा. गावच्या भांडणात पाटलाने दोघांच्याही कानशिलात द्यावी, असला हा न्याय. दुसऱ्या बाजूने पाहिले तर पाकिस्तानची बहुतेक सारी हत्यारे अमेरिकी होती, त्यामुळे बंदीचा मोठा फटका त्यालाच बसला, सुटे भाग आणि दारूगोळा संपत आला. भारताने मॉस्कोचे दार आधीच ठोठावलेले असल्याने आपण तरलो. म्हणजे शस्त्रबंदी अगदीच निरुपयोगी असते असे नाही. २२-२३ सप्टेंबरच्या रात्री लढाई थांबली, त्याला इतर कारणांबरोबर हेही कारण होते. मला वाटते, बंदी उशिरा आली हे तिचे खरे पाप. हत्यार विकण्यापूर्वी विचारावयाचा प्रश्न विकल्यावर अकरा वर्षांनी विचारला गेला, आणि तोही प्रेते पडल्यावर.

बंदीला भोके कशी पडतात, हेही यशवंतरावांच्या कारकिर्दीतच दिसले. १९६६ साली पश्चिम जर्मनीने कॅनडात बनलेली नव्वद सेबर विमाने इराणला विकली. ती काही दिवसांनी पाकिस्तानात निघाली. दुरुस्तीसाठी पाठवली आहेत, असे सांगण्यात आले. या व्यवहारात अंतिम वापराचा दाखला म्हणून एक कागद असतो. माल मी स्वतःच वापरीन, तिसऱ्याला देणार नाही, असे घेणारा त्यात लिहून देतो. आपल्याकडे रेशनच्या दुकानात रॉकेलसाठी जसे लिहून द्यावे लागे, तसलाच हा प्रकार; आणि ते रॉकेल कोठे जाई हेही सर्वांना ठाऊक होते. कागदावर सही असते, पण सही मोडणाऱ्याला विचारणारे कोर्ट नसते.

नोव्हेंबर १९६६ मध्ये यशवंतराव गृहमंत्री झाले आणि जून १९७० मध्ये अर्थमंत्री. वाटले असेल की आता हत्यारांचा संबंध सुटला. पण २५ मार्च १९७१ च्या रात्री ढाक्यात पाकिस्तानी लष्कराने स्वतःच्याच नागरिकांवर हत्यार धरले. विद्यापीठाच्या वसतिगृहांत घुसून विद्यार्थ्यांना आणि प्राध्यापकांना मारले. आपल्यासारखेच विद्यार्थी, आपल्यासारखीच वसतिगृहे. सुमारे एक कोटी माणसे सीमा ओलांडून भारतात आली. अमेरिकेने पाकिस्तानची शस्त्रविक्री थांबवली आहे, असे जाहीरपणे सांगितले जात होते. आणि जूनमध्ये न्यूयॉर्कच्या वृत्तपत्राने बातमी फोडली की, तेथल्याच बंदरातून लष्करी सामान घेऊन पाकिस्तानी जहाजे निघत आहेत. परवाने मार्चपूर्वीच दिले गेले होते, असा त्यावर खुलासा आला. एका जहाजाचे नाव पद्मा होते. पद्मा ही बंगालची नदी. जिच्या काठची माणसे मरत होती, तिचेच नाव धारण करून ते जहाज सामान आणीत होते. बाल्टिमोर बंदरात काही अमेरिकी नागरिक लहान होड्या घेऊन त्या प्रचंड जहाजाच्या आडवे गेले. पोलिसांनी त्यांना पकडले आणि जहाज पुढे गेले, पण जगाला कळले ते त्या होड्यांमुळे. वडूजच्या मोर्च्याची मला येथे आठवण झाली.

या युद्धाचा खर्च अर्थमंत्री म्हणून यशवंतरावांना उभा करावयाचा होता. नोव्हेंबर १९७१ पासून पत्रावर पाच पैशांचे एक जादा तिकीट लावावे लागू लागले, निर्वासितांच्या मदतीसाठी. इतकी घाई होती की, आधी कुटुंबनियोजनाच्या तिकिटांवरच निर्वासित साहाय्याचा छाप मारून ती वापरली गेली. माझे चुलत आजोबा मुंबईला गिरणीत होते. त्यांनी गावी धाडलेल्या पाकिटांपैकी एक आमच्या ट्रंकेत आहे आणि त्यावर हे तिकीट आहे. पाकिटात मजकूर एवढाच, की पगार झाला, पैसे मनिऑर्डरने पाठवतो, आणि बारकी म्हैस विकू नये. न्यूयॉर्कच्या बंदरात कोणी परवान्यावर सही केली, त्याचा पाच पैशांचा भुर्दंड खानापूर तालुक्यातल्या म्हशीच्या पत्राला पडला होता. शस्त्रव्यापाराची बिले कोण फेडतो, याचा याहून सोपा पुरावा मला तरी सापडला नाही.

ऑक्टोबर १९७४ मध्ये यशवंतराव परराष्ट्रमंत्री झाले. आणि फेब्रुवारी १९७५ मध्ये अमेरिकेने दहा वर्षांची शस्त्रबंदी उठवून पाकिस्तानला पुन्हा हत्यारे विकण्याचा मार्ग मोकळा केला. भारत-अमेरिका संयुक्त आयोगाच्या बैठकीसाठी यशवंतराव मार्चमध्ये वॉशिंग्टनला जावयाचे होते. त्यांनी जाणे रद्द केले. लहानशीच गोष्ट. वाढून ठेवलेल्या ताटावर बसावयास नकार देणे. मोठ्या राष्ट्राच्या दारात न जाण्याने त्याचे काय बिघडते, असे कोणी म्हणेल. परंतु १९६४ साली ज्या दारात विमाने मागावयास जावे लागले होते, त्याच दारात अकरा वर्षांनी न जाण्याची मोकळीक देशाला आली होती, याची किंमत मला मोठी वाटते. ओझरच्या आणि इशापूरच्या कारखान्यांचा त्यात वाटा होता. पुढे ऑक्टोबरमध्ये ती बैठक झाली आणि ते गेलेही; राजकारणात कायमचे रुसून भागत नाही.

यानंतरचे एक पान मात्र मला मिटवता येत नाही. जून १९७५ मध्ये देशात आणीबाणी आली, हजारो लोक बिनाचौकशी तुरुंगात गेले, आणि अठरा महिन्यांची सजा भोगलेले, बेचाळीसला भूमिगत राहिलेले यशवंतराव मंत्रिमंडळात राहिले. परदेशातल्या बंदुकीवर अट असावी म्हणणाऱ्या देशाने घरातल्या नागरिकाचे हक्क मात्र बाजूला ठेवले. यशवंतरावांबद्दल आदर असणाऱ्यांनी या गोष्टीवर पांघरूण घालावे, असे मला वाटत नाही. त्यांच्यावरची भाषणे नेमकी येथेच घाईने पुढे पळतात.

पुढची वर्षे उतरणीची होती. विरोधी पक्षनेतेपद, थोडक्या काळाचे उपपंतप्रधानपद, आठव्या वित्त आयोगाचे काम. १ जून १९८३ रोजी वेणूताई गेल्या, आणि २५ नोव्हेंबर १९८४ रोजी दिल्लीत यशवंतराव गेले. कराडला कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमावर त्यांची समाधी आहे.

त्यांच्यानंतर जवळजवळ तीस वर्षांनी, २ एप्रिल २०१३ रोजी, संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने शस्त्रव्यापाराचा करार संमत केला. दीडशेहून अधिक राष्ट्रांनी बाजूने मत दिले. इराण, उत्तर कोरिया आणि सीरिया विरुद्ध गेले. आणि वीसहून अधिक राष्ट्रे तटस्थ राहिली, त्यांत भारत होता. २०१४ च्या २४ डिसेंबरपासून तो अमलात आहे. आपण विकत असलेली हत्यारे वंशसंहारासाठी किंवा नागरिकांवरील हल्ल्यांसाठी वापरली जातील हे ठाऊक असेल, तर विकू नका. मानवी हक्कांची गंभीर पायमल्ली होण्याचा मोठा धोका असेल, तरीही विकू नका, असे त्यात लिहिले आहे. ढाक्याच्या वेळी हा कागद असता, तर पद्मा जहाजाचा परवाना देणाऱ्याला निदान खोटे बोलावे लागले असते. भारताचा आक्षेप असा की, करारात विकणाऱ्या राष्ट्रांच्या हाती तराजू दिला आहे आणि घेणाऱ्यांना त्यात फारसे स्थान नाही; शिवाय दहशतवाद्यांच्या हाती जाणाऱ्या हत्यारांबाबत तो ढिला आहे. अमेरिकेने सही केली आणि २०१९ मध्ये अंग काढून घेतले.

आमच्या राज्यशास्त्राच्या सरांचे म्हणणे, भारत तटस्थ राहिला तेच बरोबर. १९६५ मध्ये एका सहीने पुरवठा तोडणाऱ्यांच्या हाती आणखी एक कायदेशीर कुलूप कशाला द्यावे? १९६५ बद्दल ते बोलू लागले की उत्तर देणे कठीण जाते. माझे म्हणणे १९७१ पासून सुरू होते. तेव्हा मरणाऱ्यांच्या बाजूने दाखवावयास एक ओळसुद्धा कोठे लिहिलेली नव्हती. आणि आता तर आपला देशही हत्यारे विकू लागला आहे, तेव्हा विकणाऱ्याला बांधणारा नियम आपल्यालाही लागू पडला पाहिजे. दोन तास झाले, घंटा होऊन पुढचा वर्ग दाराशी उभा राहिला, तरी आमचे एकमत झाले नाही. सरांनी पुढच्या आठवड्यात हा विषय वादविवाद मंडळात ठेवला आहे.